‘बंद करून चालू करा’ या सल्ल्याविरुद्ध

ऑफिसातला इंटरनेट फोन अपडेट होता होता अडकला, की कंपनीच्या सपोर्टकडून जो पहिला सल्ला मिळतो, तो त्या क्षणी देता येण्यासारखा सगळ्यात वाईट सल्ला असतो. ‘सर, एकदा बंद करून चालू करून बघा ना.’ मी नांदेड आणि लातूरमधल्या पतसंस्था, दवाखाने, कॉलेजं यांचे फोन आणि नेटवर्क सांभाळतो. माझ्या पाहण्यात या एका वाक्याने जेवढे फोन मारले, तेवढे विजेच्या लपंडावाने मारले नाहीत. उंदरांनीही नाहीत, आणि उंदीर आमच्याकडे कमी नाहीत.

फर्मवेअर म्हणजे फोनच्या पोटातल्या चिपवर लिहून ठेवलेलं सॉफ्टवेअर. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा ज्याला ‘सॉफ्टवेअर मारणं’ म्हणतो, ते हेच. तो पोरगा मारण्याआधी मॉडेल नंबर बघतो, बॅटरी किती आहे ते बघतो आणि गिऱ्हाइकाला बजावतो, ‘काका, अर्धा तास हात लावू नका.’ या तीन गोष्टी मोठमोठ्या कंपन्यांच्या सपोर्टला सुचत नाहीत. सुचत नाहीत असं तरी कसं म्हणू? त्यांच्या पुढ्यात जो कागद ठेवलेला असतो, त्यावर त्या नसतात.

टेबलावरचा आयपी फोन हा एक छोटा कॉम्प्युटर आहे. चालू झाला की तो नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेतो. मग डीएचसीपीकडे स्वतःसाठी पत्ता मागतो, आणि त्या उत्तरातच ‘ऑप्शन ६६’ नावाच्या रकान्यात त्याला कळतं की आपल्या फाइली कुठल्या सर्व्हरवर आहेत. एक मोठी कंपनी यासाठी १५० नंबरचा रकाना वापरते. अर्ध्या भानगडी इथेच सुरू होतात. तिथून तो सेटिंगची फाइल आणतो, तिच्यात लिहिलेली फर्मवेअरची आवृत्ती आपल्याकडच्या आवृत्तीशी ताडून पाहतो. जुळली नाही तर नवी फाइल उतरवतो, तिच्यावरची डिजिटल सही तपासतो, जुनं पुसतो, नवं लिहितो, पुन्हा सुरू होतो आणि मग एसआयपीच्या भाषेत एक्स्चेंजला हजेरी देतो. यातल्या प्रत्येक पायरीवर फोन अडकू शकतो आणि प्रत्येक ठिकाणी अडकण्याचं कारण वेगळं असतं. ‘जुनं पुसतो, नवं लिहितो’ या पायरीवर वीज काढली, तर चिपवर अर्धवट लिहिलेला मजकूर राहतो. चांगल्या फोनमध्ये दोन खोल्या असतात, एकीत जुनं फर्मवेअर शाबूत ठेवून दुसरीत नवं लिहितात. स्वस्त फोनला एकच खोली. आमच्याकडे टेंडर निघतं त्यात कुठला फोन येतो, हे सांगायला नको.

लातूरच्या एका शाखेतलं उदाहरण देतो. मुख्य कार्यालय नांदेडला, सर्व्हर पुण्यात, शाखेत १६ फोन. पुरवठादाराने अपडेट सोडलं ते कामाच्या दिवशी, सकाळी अकराला, सगळ्या फोनांवर एकदम आणि शाखेत कुणालाही न सांगता. वीस मिनिटं झाली तरी पडद्यावरची पट्टी हलेना. शाखेतल्या क्लार्कने सपोर्टला मोबाइलवरून फोन लावला. ‘फोन उठंना गेलाय सायेब, काय करू?’ उत्तर ठरलेलं. शिपायाने इमानेइतबारे एकेक केबल काढली आणि लावली. १६पैकी ११ फोन त्यानंतर उठलेच नाहीत. मी लोहा, अहमदपूर करत तिथे पोचलो, तेव्हा टेबलांवर ११ काळे पडदे होते आणि शाखाधिकारी स्वतःच्या मोबाइलवरून ठेवीदारांना उत्तरं देत होते.

ते फोन अडकलेच नव्हते. साधा हिशोब आहे. पुष्कळ फोन फर्मवेअर उतरवायला टीएफटीपी नावाची पद्धत वापरतात. आज तिचा जो आराखडा मानला जातो, तो १९९२ सालचा, आरएफसी १३५०. एकाच खोलीतल्या यंत्रांनी एकमेकांना छोट्या फाइली द्यायला ती उत्तम. तिच्यात फाइलचे ५१२ बाइटचे तुकडे होतात. एक तुकडा पाठवायचा, पलीकडून ‘पोचला’ असा निरोप आला की दुसरा. १० एमबीच्या फाइलचे २०,४८० तुकडे. पुण्याला निरोप जाऊन यायला ६० मिलिसेकंद धरले, तर एका फोनला वीस मिनिटं लागतात. लाइनवर गर्दी होऊन तेच २०० मिलिसेकंद झाले तर तासाच्या वर आठ मिनिटं. म्हणजे फोन चालत होते, मुंगीच्या पावलांनी चालत होते. काही लिहिण्याच्या पायरीपर्यंत पोचलेही होते, आणि नेमकी तेव्हाच त्यांची केबल ओढली गेली. तीच फाइल शाखेतल्या एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर आधी आणून ठेवली असती, तर निरोपाला एक मिलिसेकंद आणि उतरवायला अर्धा मिनिट. हा शोध काही मी लावलेला नाही. हे काम करणाऱ्या कुणालाही ते ठाऊक असतं किंवा असायला हवं.

याच पद्धतीतली दुसरी गंमत सांगतो. तुकड्यांना जो अनुक्रमांक असतो तो ६५,५३५च्या पुढे जात नाही. ५१२ने गुणलं की ३२ एमबी होतात. फाइल त्याहून मोठी असेल आणि सर्व्हर जुन्या वळणाचा असेल, तर आकडा संपला की गाडी थांबते. दर वेळी त्याच टक्क्यावर थांबते. तिथे शंभर वेळा बंद करून चालू करा, शंभर वेळा तिथेच थांबेल. उपाय दोनच, तुकड्याचा आकार वाढवायचा किंवा फाइल एचटीटीपीवरून द्यायची. मात्र ‘दर वेळी नेमकी कुठे थांबते?’ हा प्रश्न सपोर्टवरच्या माणसाने मला एकदाही विचारलेला नाही.

रिस्टार्टने रोग वाढतो, अशीही एक जागा आहे. बऱ्याच फोनांत घड्याळाला वेगळी बॅटरी नसते. वीज गेली की वेळ गेली, आणि चालू झाल्यावर फोन एखाद्या जुन्या तारखेपासून मोजायला लागतो. नेटवर्कवरून खरी वेळ मिळाली नाही, समजा फायरवॉलने अडवली, तर सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला ‘अजून लागू न झालेलं’ दिसतं आणि तो हजेरी द्यायला नकार देतो. त्यात २०२१च्या मार्चमध्ये टीएलएसच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या अधिकृतपणे बाद ठरल्या. नवं फर्मवेअर त्या सोडून देतं, आणि ऑफिसातलं एक्स्चेंज मात्र अजून त्याच भाषेत बोलत असतं. फोन धडधाकट, नेटवर्क धडधाकट, दोघांचं बोलणं बंद. पडद्यावर ‘रजिस्ट्रेशन फेल्ड’ एवढंच.

मग हाच सल्ला का? कारण तो देणाऱ्याला फायद्याचा आहे. सपोर्टवरच्या पोराचं काम मोजतात ते त्याने किती तक्रारी बंद केल्या यावर. रिस्टार्ट सांगितलं की दहा मिनिटं मिळतात, फोन कापता येतो आणि निम्म्या वेळा माणूस पुन्हा फोनच करत नाही. त्याहून वाईट म्हणजे फोनच्या नोंदी, म्हणजे कुठल्या पायरीवर काय चुकलं याचा लॉग, पुष्कळ मॉडेलांत तात्पुरत्या मेमरीत असतो. बंद केलं की पुसला. पंचनाम्याच्या आधीच जागा धुऊन काढण्याचा हा प्रकार आहे, आणि धुवायला लावतो तो ज्याच्यावर संशय आहे तोच. नोंदी कुठे उरल्याच, तर त्या फक्त लॉग सर्व्हर लावून ठेवलेल्या ऑफिसात. अशी ऑफिसं मी दोन्ही जिल्ह्यांत मिळून एका हाताच्या बोटांवर मोजतो.

माझ्या गिऱ्हाइकांचा यावर एक उपाय ठरलेला आहे, ‘चालू आहे ना? मग हातच लावू नका.’ त्यांचं दुखणं मला कळतं, पण या बाबतीत मी कंपनीच्या बाजूचा आहे. २०१२च्या अखेरीस कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी सिस्कोच्या आयपी फोनमध्ये शिरून दाखवलं, की रिसीव्हर जागेवर ठेवलेला असतानाही तो फोन खोलीतलं बोलणं ऐकू शकतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये मॅकअफीच्या संशोधकांनी अवायाच्या ९६०० मालिकेतल्या फोनांत एक भोक दाखवलं. ते भोक ज्या मोफत सॉफ्टवेअरमधून आलं होतं, तिथे ते २००९मध्येच सापडलं आणि बुजवलं गेलं होतं. फोनच्या पोटात त्याची जुनी नक्कल दहा वर्षं तशीच बसून होती. ठेवीदारांचे व्यवहार किंवा रुग्णांचे आजार ज्या टेबलावर बोलले जातात, त्या टेबलावरचा फोन अपडेट न करणं हा बेजबाबदारपणा आहे.

शिवाय फार काळ टाळलेलं अपडेट जास्त अवघड होतं. सिस्कोच्याच ७९०० मालिकेतल्या फोनांचा नियम पाहा. फर्मवेअर ८.३(३)च्या आधीचं असेल तर थेट ८.५(३) किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधली एक पायरी घ्यावीच लागते. हे कंपनीने लिहून ठेवलेलं आहे, त्यात गुप्त काही नाही. पण ते असतं इंग्रजी रिलीज नोट्समध्ये, कितव्या तरी पानावर. पुरवठादाराचा माणूस ते वाचत नाही आणि ज्याच्या टेबलावर फोन आहे त्याच्यापर्यंत ते पोचवायची तर पद्धतच नाही. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४चा आहे. सरकारी कार्यालयात साध्या रजेचा अर्ज मराठीत लागतो. सगळ्या कार्यालयाचे फोन उद्या तासभर बंद राहणार आहेत, ही सूचना मात्र कुठल्याच भाषेत येत नाही.

जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची. तिथे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची रांग असायची, त्यामुळे गावात अंधार असला तरी फोन वाजायचा. फोन बिघडला तर १९८ लावायचं. तार, वीज आणि यंत्र, तिन्हीची जबाबदारी एकाच खात्याची. त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणारी पिढी अजून जिवंत आहे आणि लाइनमनची मिनतवारी तिला आठवते. पण तेव्हा दोष कुणाचा हे तरी कळायचं. आता वीज महावितरणची, स्विच एकाचा, इंटरनेट दुसऱ्याचं, फोन तिसऱ्याचा, सर्व्हर चौथ्याचा आणि फर्मवेअर परदेशातून येतं. पाचही जण एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मधे शिपाई केबल धरून उभा असतो.

फोन बंद पडला तर एवढं काय बिघडतं, असं शहरात म्हणता येतं. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट ज्यांच्या घरात अजून बोलली जाते, त्यांच्यापुढे म्हणून पाहा. २०२५च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांत पाणी शिरलं आणि लष्कर बोलवावं लागलं. अशा रात्री तहसील, दवाखाना, पोलीस ठाणं इथला फोन उचलला जाणं म्हणजे काय, ते विचारायला नको. एरवीसुद्धा, पीक विम्यात स्थानिक आपत्तीच्या नुकसानीची खबर ७२ तासांत द्यायची अट इथल्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं सोसली आहे. त्या तीन दिवसांत बँकेतला किंवा कृषी कार्यालयातला फोन अपडेटच्या नावाखाली दोन दिवस मुका राहिला, तर त्याची भरपाई कुठल्या फर्मवेअरमध्ये आहे?

लातूरच्या त्या ११ फोनांचं बिल शेवटी ग्राहकानेच भरलं. नकाराच्या पत्रात कारण होतं: ‘अपडेट चालू असताना वीजपुरवठा खंडित केल्यामुळे वॉरंटी लागू नाही.’ वीजपुरवठा खंडित करायला सांगणारा आवाज त्यांच्याच सपोर्टचा होता. पण तो फोनवरचा, आणि हे पत्र कागदावरचं.

म्हणून सांगणं कागदाविषयीच आहे. देखभालीच्या करारात फोन, स्विच, केबल असतात. फर्मवेअरला एक ओळसुद्धा नसते. ती ओळ ग्राहकाने मागून घ्यावी. अपडेटने बंद पडलेला फोन पुरवठादाराने बदलून द्यायचा, फुकट. आधी एकाच फोनवर अपडेट घालायचं, शक्यतो पुरवठादाराच्या ओळखीच्या माणसाच्या टेबलावरच्या, आणि दोन दिवस त्यावरून येणारे-जाणारे कॉल बघायचे. जुनी फाइल हाताशी ठेवायची, पण ती परत घालता येते का हे आधी तपासून. काही नवी फर्मवेअर मागे जाऊ देत नाहीत आणि ते नंतर कळून उपयोग नसतो. फाइल शाखेतच आणून ठेवायची. ज्या स्विचवरून फोनला वीज मिळते तो यूपीएसवर घ्यायचा. माझ्या दोन्ही गावांत कॉम्प्युटर यूपीएसवर आणि स्विच थेट भिंतीतल्या सॉकेटवर, ही रचना इतकी सर्रास आहे की ती कुणीतरी मुद्दाम शिकवत असावं. अपडेट संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर सुरू करायचं, आणि ते चालू असताना एक जाणता माणूस तिथे बसलेला पाहिजे. प्रत्येक टेबलावर आदल्या दिवशी मराठीत चार ओळींची चिठ्ठी हवी: किती वाजता, किती वेळ, पडद्यावर काय दिसेल, आणि केबल काढू नका.

खर्च वाढतो म्हणून खरेदी विभाग कुरकुरतो. एक जादा फोन, स्विचला पुरेल असा एक छोटा यूपीएस, एका माणसाची एक संध्याकाळ आणि चिठ्ठीच्या झेरॉक्स. सगळ्यात कमी दराच्या टेंडरमध्येही एवढं बसतं, अट आधी लिहिली तर.