आकाशातले गायरान

दूरदर्शनच्या जमिनीवरील प्रक्षेपणासाठी ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ हा लहरपट्टा आपल्या देशात वर्षानुवर्षे राखून ठेवण्यात आला. ८ मेगाहर्ट्झची एक, अशा १५ वाहिन्या त्यात बसतात. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार देशात जवळजवळ सर्वत्र यांपैकी किमान १२ वाहिन्या मोकळ्या होत्या. पुढे २०२२ पर्यंत मोजकी केंद्रे वगळता दूरदर्शनचे जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपकही बंद करण्यात आले. राष्ट्राची एवढी संपत्ती पडीक राहिली आणि तिची दखल घ्यावी असे दिल्लीतील कोणाला वाटले नाही!

या लहरींचे मोल शहरातील माणसाला चटकन उमगणार नाही. २०१८ साली परवानामुक्त झालेल्या ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींना मनोऱ्यासमोर मनोरा लागतो. मध्ये झाडी वा टेकडी आली की त्या अडतात. दूरचित्रवाणीच्या लहरी मात्र झाडीतूनही बऱ्यापैकी वाट काढतात आणि कमी शक्तीवर लांब पोहोचतात. म्हणूनच आय.आय.टी.ने पालघरमधील खामलोली परिसरातील गावांना इंटरनेट पुरवण्याचा प्रयोग याच लहरींवर केला. आदिवासी पाड्यातील मुलाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी तालुक्याची एस.टी. पकडावी लागू नये, एवढा साधा हा प्रश्न आहे.

मोबाइल कंपन्यांचे म्हणणे असे की, लिलावाशिवाय लहरी कोणालाही देऊ नयेत. वस्तुतः लिलाव मक्तेदारीचा असतो आणि येथे मक्ता कोणीच मागत नाही. आपल्या ठिकाणी कोणती वाहिनी मोकळी आहे हे उपकरणाने नोंदवहीतून तपासावे, तेवढीच वापरावी आणि मूळ प्रक्षेपकाला गरज पडताच ती सोडावी, अशी ही व्यवस्था आहे. गावच्या गायरानात सर्वांची गुरे चरतात, तसेच हे. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २००८ साली दूरचित्रवाणी कंपन्यांचा कडवा विरोध डावलून अशा वापरास मान्यता दिली. आपल्याकडेही २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. घरोघरीचे वायफाय त्यावरच चालते. त्यामुळे अनागोंदी माजली नाही.

उरला खजिन्याचा प्रश्न. शेजारच्या ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला २०२२ च्या लिलावात एकही बोली आली नाही. न आलेल्या बोलीसाठी पाड्यांनी किती वर्षे ताटकळायचे?

आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच दिला आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही एकाला दिलेल्या लहरी दुसऱ्याला दुय्यम वापरासाठी देण्याची, तसेच काही वापरांना सूट देण्याची मुभा सरकारला दिली आहे. धोका नाही असे मात्र नव्हे. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपन्याही या मोकळ्या लहरींच्या पुरस्कर्त्या आहेत, आणि त्या काही धर्मादाय संस्था नव्हेत. गायरानाला कुंपण घालणारे बहुधा आधी त्याचे गुणगान करीतच येतात. म्हणून नुसती परवानामुक्ती पुरेशी नाही. नोंदवही सरकारच्याच ताब्यात हवी, उपकरणांच्या शक्तीवर मर्यादा हवी, आणि डोंगराळ तालुक्यांत जाळे उभारण्यासाठी लागणारा पैसा प्रथम ग्रामपंचायतींना व सहकारी संस्थांना मिळाला पाहिजे. या तीन अटींसह ही मागणी ग्रामसभांच्या ठरावांतून पुढे आणण्याचे काम कार्यकर्त्यांनी पालघर, नंदुरबार, गडचिरोलीपासून हाती घ्यावे.