तिसऱ्या पिनेचा प्रश्न

वैशाखातल्या नृसिंह जयंतीला नरसिंहपूरला जायचे, ही आमच्या घराची जुनी रीत. नीरा आणि भीमा जिथे मिळतात त्या टोकावरचे हे गाव इंदापूर तालुक्यातले, पुणे जिल्ह्याच्या अगदी शेवटाला. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा सुरू. गेल्या खेपेला मामांचा लंडनला असलेला नातू आला होता. संध्याकाळी त्याने फोनचा चार्जर काढला आणि तीन चपट्या पिनांचा तो प्लग हातात धरून भिंतीवरच्या गोल भोकांकडे पाहत राहिला. जोडणी पुण्यालाच विसरली होती.

"आजोबा, भारताने हे प्लग एकदाचे बदलून टाकायला हवेत," तो म्हणाला.

"आधी लाईट टिकू दे, मग प्लगचं बघू," मामा म्हणाले.

मामी आतून ओरडल्या, "फ्रिज उघडताना पायात चप्पल घाला हो, झिणझिण्या येतात!" हे त्यांनी इतक्या सहजपणे सांगितले की कोणाच्याच कपाळाला आठी पडली नाही. माझे लक्ष मात्र प्लगवरून उडून त्या फ्रिजकडे गेले.

पोराचा प्रश्न तसा वावगा नव्हता. आपले गोल पिनांचे प्लग मूळचे इंग्रजांचेच. १९३४ सालच्या ब्रिटिश मानकातला पाच अँपिअरचा लहान प्लग आणि पंधरा अँपिअरचा मोठा प्लग आपण घेतला, आणि आज आयएस १२९३ या भारतीय मानकात तेच थोड्या फरकाने सहा आणि सोळा अँपिअरचे म्हणून नांदत आहेत. इंग्रजांनी मात्र १९४७ साली, म्हणजे इकडचा कारभार आवरता घेत असतानाच, चपट्या पिनांचे नवे मानक काढले. महायुद्धानंतर लाखो घरे बांधायची होती आणि तांबे महाग होते. म्हणून एकच तार घरभर फिरवून पुन्हा मुख्य बोर्डाला आणून जोडायची, अशी पद्धत त्यांनी स्वीकारली. त्या वेढ्यातून जाणारा प्रवाह मोठा, म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटात वेगळा फ्यूज. आकार बदलला तो या वायरिंगमुळे. आपल्याकडे तशी वायरिंग नाही. नुसता प्लग आणून त्यातले काहीच हाती लागणार नाही. आणि तिकडेही जुन्या घरांतून गोल पिना जायला काही दशके लागली. नाटकांच्या दिव्यांसाठी तर ब्रिटिश रंगमंचावर पंधरा अँपिअरचा तो गोल प्लग अजून वापरतात.

मग साऱ्या जगासाठी एकच प्लग? तो प्रयत्नही झालेला आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९८६ साली जगासाठी म्हणून एक सुटसुटीत प्लग प्रसिद्ध केला. तो घरांत आणायला निघाले दोनच देश. त्यातली दक्षिण आफ्रिका आपल्याला जवळची, कारण तिथेही आपलाच मोठा गोल प्लग चालत आला आहे. त्यांनी तोडफोड केली नाही. जुने राहू दिले आणि २०१८ पासून नव्या बांधकामांत नव्या सॉकेटची अट घातली. ब्राझीलने आकारात थोडा बदल करून तो घेतला आणि टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला. लोक चिडले, कारण घरोघरी जोडण्या घ्याव्या लागल्या. शिवाय त्या देशात कुठे १२७ व्होल्ट तर कुठे २२० व्होल्ट, आणि दोन्हींना सॉकेट एकच! पण ब्राझीलची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २००६ साली त्यांनी कायदाच केला की नव्या इमारतीत अर्थिंग असलेच पाहिजे. आकाराच्या वादात ही गोष्ट मागे पडते.

आपण खर्चाचा अंदाज तरी करून पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात २४ कोटी ६७ लाख कुटुंबे होती, आणि त्यांपैकी सुमारे ६७ टक्क्यांच्या घरी उजेड विजेचा होता. नंतरच्या वर्षांत, विशेषतः २०१७ च्या सौभाग्य योजनेनंतर, वीज जवळजवळ सर्वत्र पोचली. घरटी आठ सॉकेट धरली तर दोनशे कोटींच्या आसपास होतात. एकाला शंभर रुपये धरले, तरी आकडा वीस हजार कोटींच्या घरात जातो, आणि त्यात वायरमनची मजुरी नाही की घरातल्या उपकरणांचे प्लग नाहीत. हा माझा कागदावरचा हिशेब. पण एवढे पैसे खर्चून मामींच्या झिणझिण्या थांबणार नाहीत, हे नक्की.

कारण उणीव पिनांच्या आकारात नाही, तिसऱ्या भोकामागे आहे. आपल्या प्लगची वरची पिन मुद्दाम जाड आणि लांब ठेवली आहे. ती आधी टेकते आणि शेवटी सुटते. फ्रिजच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती माणसातून न जाता त्या पिनेवाटे जमिनीत जावी, एवढेच तिचे काम. पण त्या भोकामागे तार जमिनीपर्यंत गेलेलीच नसेल, तर जाड पिन नुसती शोभेची. कितीतरी घरांत तिथे तारच नाही. काही ठिकाणी त्याहून वाईट म्हणजे कोणा हुशार कारागिराने ते भोक न्यूट्रलला जोडून दिलेले असते. टेस्टरला सारे ठीक दिसते. पण बाहेर खांबावरचा न्यूट्रल तुटला, की घरातल्या प्रत्येक पत्र्यावर २३० व्होल्ट उभे राहतात. याच्याच बरोबरीने आपल्या खास देशी युक्त्या: उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून आगपेटीच्या काडीने घट्ट करायच्या, दोन पिनांचा प्लग जाईना तर वरच्या भोकात पेनाचे टोपण खुपसून पडदा उघडायचा. जगातला कुठलाही प्लग आणला तरी काडी तीच राहील.

दुसऱ्या दिवशी मामांनी गावातल्या वायरमनला बोलावले. त्याने घरामागे खणून दाखवले. अर्थिंगचा पाइप होता, वीस वर्षांपूर्वीचा; तार गंजून तुटलेली, आणि भोवतीची काळी माती उन्हाने भेगाळून दगड झालेली. कोरडी माती वीज नीट घेत नाही. म्हणून मीठ-कोळशाचा खड्डा करून उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचे असते, हे मामांना माहीत होते. ते विसरले होते. मी त्याला विचारले, नुसते अर्थिंग केले की झाले का? तो म्हणाला, नाही. हिशेबही तेच सांगतो. जमिनीचा रोध दहा ओहम असला, तर २३० व्होल्टला २३ अँपिअर वाहतील. सोळा अँपिअरचा फ्यूज तेवढे बराच वेळ सोसतो, आणि तोवर पत्रा जिवंत असतो. म्हणून मुख्य बोर्डात गळती ओळखणारा स्विच हवा. जाणारा आणि परतणारा प्रवाह तो मोजत बसतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडतो. अर्थिंग चांगले असेल तर माणसाचा हात लागण्याआधीच.

बदल करायचाच तर माझ्या मते तो इथे करावा. नवी जोडणी देताना, घर विकताना किंवा भाड्याने देताना अर्थिंग मोजून त्याची चिठ्ठी मीटरशेजारी चिकटवावी. गळतीचा स्विच लहान घरांनाही सक्तीचा करावा, आणि ज्यांना तो परवडत नाही त्यांना सरकारने द्यावा. बाजारातली पोचट सॉकेट, ज्यांत पिन लटपटते आणि ठिणगी पडते, ती विकूच देऊ नयेत. आकार राहू द्यावा. फोनवाल्या पिढीची अडचण तशीही वेगळ्या वाटेने सुटते आहे: युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनना एकाच प्रकारचे चार्जिंगचे तोंड सक्तीचे केले, आणि भारतीय मानक ब्यूरोनेही २०२३ च्या जानेवारीत त्याच सी-प्रकारचे मानक प्रसिद्ध केले.

याला उत्तर म्हणून कोणी म्हणेल, की नवा आकार आला म्हणजे त्या निमित्ताने वायरिंगही नवी होईल. होईल, ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची. बाकीचे जोडणी घेतील, आणि जोडणीच्या तिसऱ्या पिनेला बहुतेक वेळा काही जोडलेलेच नसते.

नातू परत गेला तेव्हा मामांच्या मागच्या अंगणात नवा खड्डा झाला होता आणि बोर्डात पांढरा स्विच बसला होता. पहिल्याच दिवशी तो दोनदा पडला. दोष फ्रिजमध्ये निघाला. आतल्या एका तारेचे वेष्टण उंदराने खाल्ले होते. मामी आता तुळशीला पाणी घालून झाले की उरलेली कळशी त्या खड्ड्यात ओततात. चप्पल मात्र अजून घालतात. म्हणतात, सवय जात नाही.