उंदराची अडगळ

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गाडी गॅरेजमध्ये, त्यामुळे वीकेंड घरातच. ऑनसाईटसाठी ॲरिझोनातल्या टूसॉनला येऊन वर्ष होत आलं, पण हा अनुभव नवीन होता. बुधवारी सकाळी गाडी सुरूच होईना. बॉनेट उघडलं तर वायरी कुरतडलेल्या आणि बॅटरीशेजारी नीट रचून ठेवलेले निवडुंगाचे काटेरी तुकडे! मेकॅनिक शांतपणे म्हणाला, "पॅकरॅट." बिल बघून मी मात्र शांत राहिलो नाही.

त्यातच अपार्टमेंटच्या ऑफिसचा मेल आला. पार्किंगभर उंदरांच्या विषाचे डबे ठेवणार आहोत, हरकत असल्यास सोमवारपर्यंत कळवा. माझं पहिलं उत्तर होतं, "आजच ठेवा." सुदैवाने सेंड केलं नाही. दोन दिवस या प्राण्याबद्दल वाचत बसलो आणि गडबड झाली.

पॅकरॅट म्हणजेच वुडरॅट. आपल्या घुशीसारखा अजिबात नाही. टपोरे डोळे, मोठे कान, चक्क गोंडस. एकटा राहतो, रात्री हिंडतो. इथला वुडरॅट फड्या निवडुंग खातो आणि पाणीही त्यातूनच मिळवतो. याचा एक वाळवंटी भाऊ तर क्रिओसोट नावाचं विषारी झुडूप खातो. ते विष पचवायला पोटातले जीवाणू मदत करतात. २०१४ साली युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी अँटिबायोटिक्स देऊन ते जीवाणू मारले, तर साहेबांना नेहमीचं जेवण झेपेना!

बिळाभोवती हा काटे, काटक्या, हाडं, डब्यांची झाकणं, काहीही रचतो. तोंडात एक वस्तू असताना दुसरी जास्त आवडली की पहिली तिथेच टाकून दुसरी उचलतो. म्हणून इंग्रजीत अडगळ साठवणाऱ्या माणसाला 'पॅकरॅट' म्हणतात. म्हणजे टोमणाच.

माझा आक्षेप इथे आहे. कोरड्या गुहांमध्ये या ढिगावर त्याचं मूत सुकून राळेसारखं घट्ट होतं आणि आतली पानं, बिया, काड्या जशाच्या तशा टिकतात. पन्नास हजार वर्षांपर्यंत! (१८४९ मध्ये सोन्याच्या शोधात नेवाडातून जाणाऱ्या काही जणांनी हे चकाकतं प्रकरण खाऊन पाहिलं. गोड लागलं म्हणे. मग मळमळ.) १९६४ मध्ये वेल्स आणि जॉर्गेन्सन या दोघांनी असेच ढीग तपासून दाखवलं, की आज नुसती खुरटी झुडपं असलेल्या मोहावी वाळवंटातल्या डोंगरांवर पूर्वी जुनिपरची झाडं होती. हा प्राणी घरापासून फार लांब जात नाही, त्यामुळे ढिगात जे सापडतं ते त्याच जागेचं.

आणि तो इतिहास लिहायला बसलेला नसतो. काय महत्त्वाचं हे ठरवून आपण जपतो, तिथेच घोळ होतो. आमच्याकडे एकदा प्रॉडक्शन बंद पडलं, तेव्हा लॉगमधली नेमकी हवी ती ओळ आम्हीच 'कचरा' म्हणून महिन्यापूर्वी बंद केली होती. रात्रभर डोकं आपटलं. त्या रात्री टीममध्ये एक पॅकरॅट हवा होता.

असो. पार्किंगमधल्या ढिगाचं कोणी कार्बन डेटिंग करणार नाही, हे मलाही कळतं. वायरीचं बिलही मीच भरलंय. पण विष उंदरापाशी थांबत नाही, तो उंदीर खाणाऱ्या घुबडापर्यंत जातं. शिवाय एक मेला तरी घर तयारच असतं, दुसरा येऊन राहतो. गाड्यांजवळचे ढीग उचला, झुडपं छाटा, पिंजरे लावा, असं सविस्तर लिहून आज मेल पाठवला. "आजच ठेवा" मात्र डिलीट.

शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, रात्री बॉनेट उघडं ठेव, त्याला अंधार आणि आडोसा हवा असतो. गाडी काल संध्याकाळी परत आली, लगेच तसंच केलं. सकाळी इंजिनावर निवडुंगाचा एकच तुकडा होता. वायरी शाबूत.