नटवलेल्या ताळेबंदाला गिऱ्हाईक कोण?

सेवा पुरवणारी कंपनी विकायची म्हटलं की सल्लागार पैशाला पासरी मिळतात आणि सल्ला बहुधा एकच देतात : शेवटच्या वर्षी नफा फुगवा. पगारवाढ लांबवा, नवी भरती थांबवा, मधल्या फळीतले दोन महागडे मॅनेजर घरी पाठवा. किंमत नफ्याच्या पटीत ठरते. सहापट भाव धरला तर वाचवलेल्या रुपयाचे सहा होतात. गणित बरोबर आहे, म्हणूनच ते खपतं.

पण घेणारा पैसे मोजतो ते पुढच्या नफ्यासाठी. मागचा नफा हा त्याच्या लेखी नुसता पुरावा, आणि तो पुरावा तो उलटसुलट तपासतो. चाकणच्या कारखान्यांना सुरक्षारक्षक आणि हाउसकीपिंगची माणसं पुरवणारी एखादी एजन्सी घ्या. तपासणीला आलेला सीए ग्राहकाचं बिल, हजेरीपट आणि पीएफचं मासिक विवरण (ईसीआर) शेजारी शेजारी मांडतो. बिलात 240 माणसं, ईसीआरमध्ये 190 नावं आणि मधल्या 50 जणांचा धड खुलासा नाही, असं झालं की थकीत पीएफ, व्याज आणि दंड किमतीतून वजा. ग्रॅच्युइटीची तरतूद नसेल तर तीही वजा. शिवाय लांबवलेली पगारवाढ तो खर्चात परत घालतो आणि सहापटीनं चढलेला भाव सहापटीनंच उतरतो.

थोडी आवराआवर मलाही मान्य आहे. मालकाची गाडी, घरच्यांचे कागदोपत्री पगार हे खर्च बाजूला काढून खरा नफा दाखवावाच. न दाखवणं हा निव्वळ आळस.

मग भाव येतो कशाला? सत्यम ही आयटी कंपनी आठवा. जानेवारी 2009 मध्ये तिचे संस्थापक रामलिंग राजूंनी कबुली दिली की ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. मालक तुरुंगात, हिशेबावर कुणाचा भरवसा नाही. तरीही एप्रिलमध्ये लिलाव झाला आणि पुण्यातून चालणाऱ्या टेक महिंद्रानं 31 टक्के हिश्श्यासाठी शेअरमागे 58 रुपये मोजले. लार्सन अँड टुब्रोही बोलीत होती. आकडे खोटे ठरल्यावरही हजारो इंजिनिअर कामावर होते आणि बरेचसे ग्राहक टिकून होते. बोली लागली ती त्यांच्यावर.

मालक उठून गेल्यावर जे उरतं, त्याचीच तयारी करायची. करार कंपनीच्या नावे हवेत आणि मालकी बदलल्यावर ते आपोआप रद्द होणार नाहीत, हे कलम वाचून घ्यायला हवं. एकाच ग्राहकाकडून निम्मी उलाढाल नको. मोठ्या ग्राहकाचा फोन मालकाऐवजी त्या महागड्या मॅनेजरला जायला हवा. सल्लागार ज्याला घरी पाठवायला सांगतात, तोच हा माणूस.

यावर आक्षेप येतो, की या तयारीसाठी दोन-तीन वर्षं थांबायचं कुणी? पण मालकावाचून अडणारी कंपनी घेताना खरेदीदार बरीच रक्कम हाती राखतो आणि मालकाला तेवढीच वर्षं तिथे बसवून, ठरलेला नफा दिसला तरच ती सोडतो. तीच वर्षं, फक्त आता मालक दुसऱ्याच्या ताबेदारीत.