मृत्यू मोजण्याआधी रस्ता तपासावा

एखादी जागा धोकादायक आहे, हे शासनाला कळते केव्हा? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१५ साली केलेल्या व्याख्येनुसार, राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात घडले, अथवा दहा माणसे दगावली, की ते स्थळ अपघातप्रवण ठरते. म्हणजे आराखड्यातील चूक ओळखण्याचे मापक माणसाचा जीव हेच होय. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हे ज्ञान याहून कमी किमतीत मिळू शकते काय, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नव्हे. तो अर्थकारणाचाही आहे.

प्रगत देशांनी यासाठी दोन साधने वापरली. पहिले साधन सिम्युलेटरचे. जागीच उभ्या असलेल्या मोटारीत चालक बसतो, समोरच्या पडद्यावर रस्ता धावतो आणि चाक फिरवताच दृश्य बदलते. स्वीडनच्या रस्ते संशोधन संस्थेत १९८४ साली आणि बर्लिनमध्ये डेमलर-बेन्झ कंपनीत १९८५ साली असे मोठे सिम्युलेटर सुरू झाले. दुसरे साधन गणिती प्रतिमानाचे. पुढच्या गाडीच्या वेगानुसार मागची गाडी कशी वागते, याची सूत्रे १९५० च्या दशकापासून मांडली गेली; त्यांच्या आधारे संगणकावर हजारो वाहने चालविता येतात.

दोन्ही साधने एकेकटी अपुरी आहेत. सिम्युलेटरमधील माणूस खरा, पण भोवतालची वाहने बहुधा आधी ठरवून दिल्याप्रमाणे धावणारी. प्रतिमानात गर्दी आहे, पण तिच्यातील चालक थकत नाही, चिडत नाही, त्याला घाईही नसते. वस्तुतः अपघात बहुधा दोघांच्या अंदाजांमधून घडतो. समोरचा थांबेल, असे दोघांनाही वाटते आणि कोणीच थांबत नाही. म्हणूनच सिम्युलेटर प्रतिमानाशी आणि दुसऱ्या सिम्युलेटरशी जोडण्याची पद्धत महत्त्वाची ठरते. एकाने ब्रेक दाबला की मागची संगणकीय रांगही मंदावते. दुसऱ्या खोलीतला माणूस त्याच रस्त्यावर पादचारी म्हणून उतरू शकतो. अमेरिकी लष्कराने १९८० च्या दशकात रणगाड्यांचे सिम्युलेटर असेच जोडले होते.

अर्थात, या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. पडद्यावरच्या धडकेत कोणी मरत नाही. त्यामुळे तेथील धाडस रस्त्यावरच्या धाडसाइतके महाग नसते. तेथे आढळलेले वर्तन प्रत्यक्ष रस्त्यावरच्या नोंदींशी ताडून पाहावेच लागते. शिवाय सुरक्षितता वाढली की चालक अधिक जोखीम पत्करतो, असा सिद्धान्त अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली मांडला. तो वादग्रस्त ठरला, तरी माणूस नव्या परिस्थितीला प्रतिसाद देतो, हे त्यातील सूत्र नाकारता येत नाही.

आपल्या दृष्टीने त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ही सूत्रे मुळात एका मार्गिकेत एकामागून एक शिस्तीने जाणाऱ्या मोटारींसाठी रचली गेली. २०२२ च्या मृतांत दुचाकीवरील ७४,८९७ जण होते आणि पादचारी ३२,८२५. म्हणजे दर शंभरांत सुमारे चौसष्ट. मोटारींच्या फटींतून वाट काढणारी दुचाकी, विरुद्ध दिशेने येणारी रिक्षा, दुभाजक ओलांडणारी बाई यांना ज्या प्रतिमानात स्थान नाही, ते आयात केल्याने आपल्या मृत्यूंचा उलगडा होणार नाही. आयात यंत्राची करता येईल. वर्तनाचे मोजमाप येथेच करावे लागेल.

त्यासाठी आधार नाही असे नाही. पुण्यात सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट १९६७ पासून आहे. मुंबईच्या आयआयटीत सिम्युलेटरवर चालकांच्या वर्तनाचा अभ्यास होतो. अशा संस्थांचे सिम्युलेटर परस्परांशी जोडले जावेत आणि नव्या चौकाच्या वा उड्डाणपुलाच्या आराखड्याची अशी चाचणी निविदेपूर्वीच सक्तीची व्हावी. पुलाच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे. चूक कागदावर असताना ती खोडरबराने पुसता येते. एकदा डांबर पडले की तिची दुरुस्ती तिऱ्हाइताच्या जिवावर होते.