पुड्यावरची बारीक अक्षरे आणि आईच्या माथी मारलेला दोष

मूल वर्गात एका जागी बसत नाही, हातातले काम अर्धवट टाकते, चिडते, शेजारच्याला ढकलते, अशी तक्रार आली की शाळेत बोलावणे आईला येते. बाप त्या दिवशी घरी असला तरी जाते तीच. ‘वळण लावलं नाही’, ‘लाडावून ठेवलंय’ ही वाक्ये आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. अलीकडे त्यांत एका प्रश्नाची भर पडली आहे : ‘तुम्ही त्याला बाहेरचं काय काय खायला देता? पुड्यावर काय लिहिलंय ते वाचता का?’

प्रश्न रास्त आहे. खाण्यातल्या काही कृत्रिम रंगांचा मुलांच्या वागण्याशी संबंध असल्याचा पुरावा आहे. माझे म्हणणे एवढेच की हा प्रश्न आईच्या आधी पुडा बनवणाऱ्याला आणि त्यावर काय छापायचे हे ठरवणाऱ्या सरकारला विचारायला हवा.

आधी पुरावा पाहू. १९७० च्या दशकात बेंजामिन फाइनगोल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी असे मांडले की कृत्रिम रंग आणि स्वाद बंद केले की अतिचंचल मुले शांत होतात. त्यांचा दावा फार मोठा होता आणि नंतरच्या चाचण्यांत तो तेवढ्या प्रमाणात टिकला नाही. पण विषय संपलाही नाही. २००७ साली इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ साधी, सर्वसामान्य मुले त्यात होती. त्यांना काही आठवडे रंग आणि सोडियम बेन्झोएट हे टिकाऊपणासाठीचे रसायन मिसळलेले सरबत दिले, तर काही आठवडे तसेच दिसणारे पण त्याविना बनवलेले. कोणत्या आठवड्यात कोणते सरबत आहे हे मुलांना किंवा पालकांना माहीत नव्हते. रंगीत सरबताच्या काळात मुलांची चंचलता सरासरीने थोडी वाढलेली आढळली.

‘थोडी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. परिणाम सगळ्या मुलांवर सारखा नव्हता. काहींवर जास्त, काहींवर अजिबात नाही. रंग आणि बेन्झोएट एकत्र दिल्याने नेमके कशाने काय झाले हेही वेगळे काढता आले नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २००८ मध्ये हा पुरावा मर्यादित असल्याचे मत दिले. तरीही युरोपीय संघाने मुलांच्या बाजूने निर्णय घेतला. २० जुलै २०१० पासून त्या सहा रंगांपैकी एकही रंग असलेल्या पदार्थावर ‘मुलांच्या हालचालींवर आणि लक्ष देण्याच्या क्षमतेवर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो’ अशा अर्थाचा इशारा छापणे तेथे बंधनकारक झाले. असा इशारा छापण्यापेक्षा अनेक कंपन्यांनी रंगच बदलले. आयांनी काचा लावून पुडे वाचल्याने जे झाले नसते, ते एका ओळीच्या सक्तीने झाले.

आता आपल्याकडे येऊ. त्या सहा रंगांपैकी टार्ट्राझिन, सनसेट येलो, कार्मोइझिन आणि पाँसो फोर-आर हे चार रंग आपल्या कायद्यानेही परवानगी दिलेल्या रंगांत आहेत. मिठाई, आइस्क्रीम, बिस्किटे, सरबते, जेली यांत ते ठरावीक मर्यादेत चालतात. पुड्यावर त्यांचे नाव किंवा क्रमांक देऊन ‘परमिटेड सिंथेटिक फूड कलर’ असल्याचे लिहावे लागते. मुलांच्या वागण्याबद्दलचा इशारा मात्र लिहावा लागत नाही.

माझे काम पनवेल तालुक्यातल्या बेलपाड्यात, बायकांच्या गटांबरोबर चालते. बेलपाडा म्हणजे आता खारघरच्या इमारतींनी वेढलेले जुने गाव. नवी मुंबईसाठी सिडकोने ज्या ९५ गावांच्या जमिनी संपादित केल्या, त्या पट्ट्यातले. शेते गेली तसा घरचा भातही गेला. आज गावातल्या आणि इथे भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कितीतरी बाया सकाळी लवकर कॉलनीत स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला निघतात. मुलाच्या हातावर पाच-दहा रुपये ठेवून जाण्यावाचून त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नसतो.

एका बैठकीत मुलांनी टाकलेली रिकामी वेष्टने आणून आम्ही सतरंजीवर पसरली. दहावी झालेल्या एकीने अक्षर लावत ‘परमिटेड’ असे वाचले आणि म्हणाली, “ताई, परवानगी आहे ना? मग चांगलंच असणार.” दुसरी म्हणाली, “वाचता येतं हो, पण हे वाचायला भिंग पाहिजे.” तिसरीने एक एवढीशी पुडी उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर घटकांची यादीच नव्हती.

या तिन्ही गोष्टींचे मूळ बायकांच्या अडाणीपणात नाही, नियमात आहे. पहिली गोष्ट भाषेची. २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरते. मराठी छापायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. परिणामी बहुतेक पुड्यांवर घटकांची यादी इंग्रजीतच असते. ‘आय. एन. एस. १०२’ म्हणजे टार्ट्राझिन, ‘११०’ म्हणजे सनसेट येलो, ‘१२२’ म्हणजे कार्मोइझिन, ‘१२४’ म्हणजे पाँसो फोर-आर आणि ‘२११’ म्हणजे सोडियम बेन्झोएट, हे सांगितल्याशिवाय एम. ए. झालेल्या बाईलाही कळणार नाही.

दुसरी गोष्ट आकाराची. ज्या वेष्टनाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, त्याला घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. ती माहिती ठोक विक्रीच्या मोठ्या वेष्टनावर दिली की झाले. म्हणजे एक-दोन रुपयांची गोळी, जेलीची वाटी, आंबटगोड पुडी यांची यादी असते ती दुकानदाराच्या बरणीवर किंवा खोक्यावर. मोठा पुडा विकत घेऊ शकणाऱ्या घराला माहिती मिळते. सुट्या गोळीवर भागवणाऱ्या मुलाच्या आईला मिळत नाही. पुडा लहान म्हणून दिलेली ही सूट कागदावर साधी तांत्रिक बाब दिसते. वस्तीत तिचा अर्थ असा होतो की माहितीचा हक्क खिशाच्या मापाने मिळतो.

तिसरी गोष्ट, ज्याला लेबलच नाही त्याची. शाळेसमोरच्या गाडीवरचा बर्फाचा गोळा, म्हातारीचे केस, लालभडक चायनीज यांवर कोणी काय वाचणार? ऱ्होडामाइन-बी हा कपडे रंगवण्याचा, खाण्यासाठी मनाई असलेला रंग सापडल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने म्हातारीच्या केसांच्या विक्रीवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने रंगीत म्हातारीचे केस आणि गोबी मंचुरियनमधले कृत्रिम रंग बंद केले. सुट्या हळदीला पिवळेपणा आणण्यासाठी लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकारही देशात आढळले आहेत. त्यातल्या शिशाने मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम रंगांपेक्षा कितीतरी गंभीर आणि पक्का सिद्ध झालेला आहे. तो कुठल्याही पुड्याच्या मागे वाचायला मिळत नाही. तेथे सरकारी तपासणीच लागते.

आणि लेबल असले तरी ते सारे सांगते असेही नाही. २०१५ मध्ये मॅगीचे प्रकरण गाजले ते शिशाइतकेच पुड्यावरच्या ‘एमएसजी घातलेले नाही’ अशा अर्थाच्या दाव्यावरून. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला. कंपनीला बाजू मांडू दिली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांना आवश्यक मान्यता नव्हती, असे न्यायालयाला दिसले. फेरतपासणीत शिसे मर्यादेत निघाले आणि नूडल्स बाजारात परत आल्या. आपल्यासाठी यातला धडा हा की पुड्यावरच्या एका ओळीचा खरेखोटेपणा ठरवायला सरकार, कंपनी आणि न्यायालय यांना काही महिने लागले. तो ठरवण्याचे काम संध्याकाळी दमून दुकानासमोर उभ्या राहिलेल्या बाईवर टाकणे हा अन्याय आहे.

घरातली श्रमविभागणी आपल्याला माहीत आहे. रांधणे, वाढणे, उष्टी काढणे यांत आता ‘वाचणे आणि सावध राहणे’ या कामाची भर पडते आहे. ‘सगळं घरीच करून घाला’ हा सल्ला देणारा माणूस करणारीचे तास मोजत नाही. शिवाय मुलाची चंचलता एका रंगाच्या माथी मारून मोकळे होणेही धोक्याचे आहे. पुरती झोप नाही, सकाळी पोटात काही नाही, एका खोलीत सहा माणसे, रात्री दारूच्या नशेत होणारी मारहाण, या सगळ्याने मूल बिथरते. शाळेने आणि आपण कार्यकर्त्यांनी आईला आधी हे विचारायला हवे. रंग हा त्यातला एक, पण बाहेरून सहज काढून टाकता येईल असा भाग आहे. म्हणूनच तो काढण्याची मागणी करायची.

स्वयंपाकघरातला प्रश्न रस्त्यावर नेण्याची आपल्याकडे परंपरा आहे. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली, लाटणे मोर्चे काढले. तेलाचा आणि साखरेचा भाव हा ज्या त्या बाईच्या काटकसरीचा विषय नसून धोरणाचा विषय आहे, हे त्यांनी ठासून सांगितले. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने घरांचे गट करून एकत्र खरेदीची पद्धत रुजवली. एकटी बाई दुकानदाराला प्रश्न विचारते तेव्हा ती कटकटी ठरते. पन्नास घरे विचारतात तेव्हा उत्तर द्यावे लागते.

कायदाही अगदीच रिकामा नाही. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा नियम आहे. उत्तेजक पेयांतल्या कॅफिनने मुलांची झोप उडते आणि ती अस्वस्थ होतात. अशा जास्त कॅफिनच्या पेयांवर ‘मुलांसाठी नाही’ असा इशारा छापावाच लागतो आणि २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने शाळांपासून ५०० मीटरच्या आत त्यांची विक्री बंद करण्याचे विधान परिषदेत जाहीर केले. म्हणजे मुलांसाठी इशारा छापायला लावणे सरकारला जमते. मग रंगांसाठीच का नाही? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तर २०२४ मध्ये कायदा करून सरकारी शाळांतल्या खाण्यातून सहा कृत्रिम रंग २०२७ च्या अखेरीपासून हद्दपार करायचे ठरवले आहे.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. कृत्रिम रंग असलेल्या पदार्थावर मुलांच्या वागण्याबद्दलचा इशारा ठळक छापावा. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालावर घटकांची यादी मराठीतही असावी. लहान पुड्यांची सूट मुलांच्या खाऊपुरती रद्द करावी. अन्न व औषध प्रशासनाने शाळांभोवतालच्या खाण्याचे नमुने नियमित तपासून निकाल शाळेच्या फलकावर लावावेत.

मागण्या मान्य होईपर्यंत गटांनी करण्याजोगे बरेच आहे. वरचे पाच क्रमांक इंग्रजी अंकांत कागदावर लिहून बैठकीच्या खोलीत लावा. मुलांनाच वेष्टने गोळा करून आकडे शोधायला सांगा. मुलगे आणि बापही त्यात हवेत. दुकानदाराकडे बरणी किंवा खोके दाखवायचा आग्रह धरा. संशय आला तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली कोणताही ग्राहक शुल्क भरून पदार्थ तपासून घेऊ शकतो आणि दोष निघाला तर शुल्क परत मिळते. एकटीला हा खर्च जड जातो, गटाला नाही. आणि आपले बचत गट फेण्या, पापड, मिठाई करून विकतात, त्यांनी रंगाची पुडी आजच बंद करावी. बीट, हळद, पालक आपल्या हाताशी आहेत. दुसऱ्याकडे मागायचे ते आधी आपल्या मालावर करून दाखवले तर मागणीला वजन येते.

पुढच्या वेळी शाळेतून बोलावणे आले तर आईने एकटीने जाऊ नये. मुलाच्या बापाला सोबत न्यावे, गटातल्या दोघींना न्यावे, आणि मान खाली न घालता आपणही विचारावे : शाळेच्या फाटकावर काय विकले जाते, आणि ते कोण तपासते?