देवाचा धाक कुणाच्या कामाचा?

'देवाची भीती उरली नाही, म्हणून माणूस सुटलाय' हे वाक्य लग्नाच्या पंगतीत टाका नाहीतर प्रवचनाच्या मांडवात, माना डोलतातच. त्याच्या मागोमाग आणखी दोन वाक्ये येतात. एक, अध्यात्मात यायचे तर अहंकार चपलांबरोबर बाहेर काढून या. दुसरे, पोहोचलेल्या पुरुषाला पापपुण्याचा लेप लागत नाही, तेव्हा त्याच्या वागण्याला आपले माप लावू नका. सुटी सुटी ऐकली तर तिन्ही पटण्यासारखी आहेत. एकत्र ठेवली की मात्र त्यांतून चोख बंदोबस्त उभा राहतो. भक्ताने भ्यावे, स्वतःचे मत सोडावे आणि समोरचा काय करतो ते विचारू नये.

माझे म्हणणे नेमक्या उलट्या क्रमाचे आहे. भीती सगळ्यात आधी गेली पाहिजे. अहंकार झिजत झिजत जाईल, त्याला वेळ लागतो, आणि तो दुसऱ्याने उपटून काढायचा नसतो. बरेवाईट ओळखणारी बुद्धी मात्र शेवटपर्यंत सोडायची नाही.

भीतीच्या बाजूने जे बोलले जाते ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. सगळेच काही वेदान्ती नसतात. चारचौघांना शनीचा, पितरांचा, नरकाचा धाक नसेल तर ते कुणाचे ऐकणार? पोलीस सगळीकडे नसतो, देव असतो. ठीक. पण या धाकाने अडते काय, तेही एकदा बघू. बहिणीला साडीचोळी करून, गोड बोलून तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेणारा भाऊ शनिवारी मारुतीला तेल घालायला चुकत नाही. त्याला भीती नाही असे कोण म्हणेल? खरीखुरी आहे. साडेसातीची आहे, सुतकात देवाला शिवल्याची आहे, बोललेला नवस राहून गेल्याची आहे. फक्त बहिणीच्या हिश्शाची नाही. वर या भीतीला दरपत्रक असते. कालसर्पाची शांती, नारायण नागबळी, अमुक अभिषेक, तमुक जप. ज्या दोषाचे निवारण पावती फाडून होते तो दोष करण्यापासून माणूस थांबत नाही, फार तर खर्चाचा अंदाज बांधतो.

सत्यनारायणाची कथा आपण लहानपणापासून शिऱ्याकडे डोळे लावून ऐकत आलो (शिऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही). एकदा कथेकडे लक्ष देऊन पाहा. साधुवाणी आणि त्याचा जावई चंद्रकेतू राजाच्या तुरुंगात पडतात. चोरी त्यांनी केलेली नाही, चोर पळून गेलेत आणि मुद्देमाल यांच्यापाशी सापडला आहे. मग शिक्षा कशाची? मूल व्हावे म्हणून बोललेली पूजा साधुवाण्याने मुलीच्या लग्नापर्यंत ढकलली आणि लग्नानंतर विसरला याची. पुढे ती मुलगी, कलावती, नवरा आल्याचे ऐकून प्रसाद न घेताच धावत सुटते, तर नवऱ्यासकट नाव दिसेनाशी होते. नावेत नुसती पानेवेली आहेत असे तो वाणी दंडी संन्याशाला खोटे सांगतो आणि मालाची खरेच पानेवेली होतात, एवढा एक प्रसंग नीतीचा म्हणता येईल. बाकी सगळा हिशेब थकबाकीचा. ऐकणाऱ्याच्या मनावर ठसते ते हेच, की खोटे तोलले तर चालेल पण प्रसाद न घेता उठू नये. 'हे पत्र अकरा जणांना पाठवा, एकाने फाडले तर त्याचा मुलगा दगावला' अशी पोस्टकार्डे घरोघर यायची, आता तोच मजकूर मोबाईलवर येतो. त्याची जातकुळी हीच.

आता ग्रंथांत काय आहे? गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी आहे आणि तिचा पहिला मान अभयाला आहे. दान, तप, सगळे त्याच्या मागून. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगताना ज्ञानदेव या अभयाचा उलगडा करतात तेव्हा पुरात उडीच न घेणाऱ्याला बुडण्याचे भय कुठले, असा दाखला देतात आणि लगेच सांगतात की कर्म करताना अहंकार उठू न देणे म्हणजेच संसाराचा दरारा टाकणे. भीती आणि अहंकार त्यांनी एकाच खुंटीला बांधले आहेत. बृहदारण्यक उपनिषदात तर याहून जुनी गोष्ट आहे. आरंभी एकटा असलेला तो आत्मा सगळ्यात आधी 'मी' म्हणतो आणि पाठोपाठ भितो. मग त्याच्या ध्यानात येते, की दुसरे कुणी नाहीच तर भ्यायचे कुणाला? आणि भय जाते.

म्हणजे भीती ही 'मी'चीच सावली. पत्रिका घेऊन दारोदार हिंडणारा माणूस बघा, दिवसभर त्याच्या तोंडी स्वतःशिवाय विषय नसतो. माझा गुरू, माझा मंगळ, माझ्या घरावर कुणी काय केले. ज्याला भिववले त्याचा 'मी' वाढतो. तेव्हा एका हाताने भीती घालायची आणि दुसऱ्या हाताने अहंकार सोडा म्हणायचे, ही चूल पेटती ठेवून दूध उतू जाऊ नये म्हणण्यातली गत झाली.

अहंकाराच्या बाबतीत नामदेवांची गोष्ट हमखास पुढे केली जाते. तेरला गोरोबाकाका थापटण्याने एकेका संताचे डोके ठोकून बघतात, बाकीचे निमूट बसतात, नामदेव रागावतात, आणि मडके कच्चे ठरते. बघा, गुरूपुढे असे वाकावे लागते, हे तात्पर्य. पण आख्यायिका तिथे थांबत नाही. नामदेव चिडून उठून गेले, त्यांना कुणी अडवले नाही की शाप दिला नाही. पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर भेटले ते पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव हादरले, तर म्हणे जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. पहिला धडा मिळाला तो भीती मोडण्याचा, आणि देणाऱ्याने मागितले काहीच नाही. ज्याचा अहंकार गेला म्हणतात तो माणूस नंतर गप्प बसला का? कीर्तन करत पंजाबात घुमानपर्यंत गेला, त्याची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

याच्याशेजारी आजचे एक दृश्य ठेवतो. सत्संगात एक बाई उभ्या राहून विचारतात, गेल्या वर्षीच्या देणगीचा हिशेब कुठे पाहायला मिळेल? उंच आसनावरून हसत उत्तर येते, 'ताई, हा प्रश्न तुमचा नाही, तुमच्या अहंकाराचा आहे.' सभा टाळ्या वाजवते. आसनामागच्या फलकावर नावाआधी 'श्री श्री १००८' आहे, समोर पाद्यपूजेचे तबक आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानदेव अमानित्वाचे वर्णन करताना मान मिळू लागला की कासावीस होणारा, आपली कीर्ती लपवणारा माणूस उभा करतात. त्या बाईंना त्यातली एक ओवी ठाऊक असती तर टाळ्या कुणासाठी वाजल्या असत्या कोण जाणे.

त्याच अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजली आहेत आणि पहिली तीन अमानित्व, अदंभित्व, अहिंसा. पापपुण्यापलीकडे गेलेल्यांचा दावा इथेच कोसळतो. ज्ञान ओळखायचे कशावरून, तर वागण्यावरून. त्यांचे हुकमी पान अठराव्या अध्यायातले. ज्याच्या ठायी 'मी'पणा नाही तो मारूनही मारत नाही, या अर्थाचा श्लोक. पण ती सवलत 'मी' उरला नसेल तरच आहे, आणि स्वतःचे कृत्य झाकायला जो तो श्लोक काढतो त्याच्यापाशी 'मी' भरपूर शिल्लक आहे. शंकराचार्यांचे शिष्य सुरेश्वराचार्य याहून परखड होते. अद्वैत जाणणारा मनाला येईल तसा वागणार असेल तर घाण खाण्याच्या बाबतीत तो आणि कुत्रा यांत फरक काय, असे त्यांनी नैष्कर्म्यसिद्धीत विचारले आहे. आणि पैठणच्या एकनाथांनी काय केले? श्राद्धाला रांधलेले अन्न दाराशी आलेल्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढले. ब्रह्मवृंदाचा बहिष्कार होता, पितर कोपतील हा धाक होता. त्यांनी भुकेची बाजू घेतली.

एक आक्षेप राहतो. शेवटी कृष्णानेही अर्जुनाला शरण येच म्हटले ना? म्हटले. तुझा नकार अहंकारापोटी आहे, असेही अठराव्या अध्यायाच्या एकोणसाठाव्या श्लोकात सुनावले. पण त्रेसष्टाव्यात तोच म्हणतो, की सांगायचे ते सांगितले, आता सगळ्याचा पुरता विचार कर आणि तुला वाटेल ते कर. शरण येण्याचा श्लोक त्याच्या नंतरचा, सहासष्टावा, आणि त्यातही न आल्यास काय होईल याची धमकी नाही, शोक करू नकोस एवढेच आहे. गुरूला शरण जा म्हणणाऱ्यांनी सहासष्टावा जरूर सांगावा. त्रेसष्टावा आधी म्हणून घ्यावा.